आमची हरवलेली दाढ

गुरांच्या बाजारांत ज्यानें एखादी सकाळ घालविली असेल त्याला पुढील देखावा परिचयाचा असेल. विकणारा गोऱ्ह्याचा कासरा धरून उभा असतो. घेणारा प्रथम जनावराचे खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवितो, दोन पावलें चालवून पाहतो. आणि मग एकाएकीं त्याचा जबडा धरून खालचा ओठ अंगठ्यानें खालीं ओढतो. हें सारें क्षणभरच. तेवढ्या वेळांत त्याला जें कळावयाचें तें कळलेलें असतें. "दोन दांती आहे," असें म्हणून तो ओठ सोडून देतो आणि रुमालाखालीं बोटांनीं किंमतीची बोलणीं सुरू होतात.

आमच्या सावद्याच्या बाजारांत, आजोबांच्या धोतराचा सोगा धरून, आम्हीं हें लहानपणीं पुष्कळ वेळां पाहिलें आहे. आदत, दोन दांती, चार दांती, सहा दांती आणि जुळलेला, एवढ्या शब्दांत बैलाच्या तारुण्याची सगळी कुंडली येते. बैलाला वरच्या जबड्यांत पुढचे दांत मुळींच नसतात. खालीं आठ असतात. ते दुधाचे दांत जोडीजोडीनें पडतात आणि त्यांच्या जागीं रुंद, पक्के दांत येतात. पहिली जोडी दोन-अडीच वर्षांच्या सुमारास, शेवटची चार-साडेचार वर्षांच्या सुमारास. आमच्या आजोबांनीं शाळेची पायरी पाहिली नव्हती, परंतु जनावराचें तोंड ते पोथीसारखें वाचीत. आणि त्यांचें वाचन चुकलें असें आमच्या ऐकिवांत नाहीं.

त्याच आजोबांनीं आमची एक दाढ घालविली.

आम्ही तेव्हां नऊ वर्षांचे होतों. कपाशी वेचण्याचे दिवस होते. उजवीकडील खालची एक दाढ ठणकूं लागली. आजीनें लवंग दाढेंत दाबून ठेविली, मिठाच्या पाण्यानें चुळा भरविल्या. परंतु तिसऱ्या रात्रीं आम्हीं सर्व घर जागें ठेविलें. दुसऱ्या दिवशीं बाजार होता. दांत काढणारा एक मनुष्य त्या काळीं बाजारांत झाडाखालीं फडकें पसरून बसे; फडक्यावर त्यानें काढलेल्या दांतांची रास असे, तीच त्याची पाटी. आजोबांनीं आम्हांला त्याच्यापुढें बसविलें आणि गोऱ्ह्याचा धरावा तसा आमचा जबडा धरून आंत पाहिलें. "दुधाचीच आहे," ते म्हणाले. "काढून टाका. दुसरी येईल."

दाढ निघाली. तिला खालीं दोन जाड मुळें होतीं, एवढें आम्हांला स्पष्ट आठवतें. घरीं आल्यावर आम्हीं ती रीतीप्रमाणें धाब्यावर फेकली आणि दुसरीची वाट पाहूं लागलों. दहावें वर्ष गेलें, अकरावें गेलें. बाराव्या वर्षीं जिभेला त्या बाजूस कांहीं टणक लागूं लागलें, तेव्हां आम्हीं आनंदानें सर्वांना तोंड उघडून दाखविलें. आजोबा म्हणाले, "पाहा, सांगितलें नव्हतें?" परंतु ती आमची दाढ नव्हती. ती तिची धाकटी बहीण होती, जी तशीही बाराव्या वर्षीं यावयाचीच होती. आणि पुढें रिकामी जागा पाहून ती त्या खिंडारांत वांकडी झुकली. आज साठ वर्षांनंतरहि ती तशीच झुकलेली आहे, आणि भाकरीचा कठीण पापुद्रा आला कीं आम्ही घांस मुकाट्यानें डावीकडे वळवितों.

या अंकासाठीं शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनीं कांहीं लिहावें, अशी सूचना आली तेव्हां आम्हांला प्रथम या दाढेचीच आठवण झाली. आजोबांवर राग म्हणून नव्हे. एवढा जाणता मनुष्य चुकला कसा, हें कोडें आम्हांला पुष्कळ दिवस पडलें होतें, आणि त्याचें उत्तर मोठें मौजेचें आहे.

आजोबा बैलाचे पुढचेच दांत पाहत. तेथें नियम सरळ आहे: जुना पडतो, त्याच्या जागीं नवा येतो. मनुष्याच्या मुलाचेहि पुढचे दांत हाच नियम पाळतात. परंतु सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाच्या तोंडांत सर्वांत मागें, दुधाच्या शेवटच्या दाढेच्याहि पाठीमागें, एक दाढ हळूच वर येते. वर दोन, खालीं दोन, अशा चार. तिच्यासाठीं कोणताहि दांत पडत नाहीं, रक्त येत नाहीं, मूल रडत नाहीं. तिचा कोणी सोहळा करीत नाहीं. पुष्कळ मुलांचा त्या वेळीं पुढचा दांतहि हललेला नसतो, म्हणून आईबापांना वाटतें कीं हें सर्व दुधाचेंच. ती मात्र कायमची असते. जन्मभर चावण्याचा मुख्य भार तिच्यावर पडावयाचा असतो, आणि तोंडांत आल्यापासून पहिलीं दोन-तीन वर्षें, जेव्हां ती सर्वांत नाजूक असते, तेव्हां तिची कोणी दखल घेत नाहीं. तिच्या माथ्यावर खोल खांचा असतात. त्यांत गूळ, बिस्किट, चिक्की अडकून राहते. नवव्या वर्षीं ती किडून ठणकूं लागली कीं मग आमच्या आजोबांसारखा कोणी तरी म्हणतो, "दुधाचीच आहे."

दांताची गोष्ट ज्या दिवशीं तो दिसतो त्या दिवशीं सुरू होत नाहीं. ती त्याच्या कितीतरी आधींची असते. मूल आईच्या पोटांत सहा आठवड्यांचें झालें कीं जबड्याच्या जागीं एक पट्टी जाड होऊं लागते, आणि तिच्यावर कळ्या धरतात. चौथ्या महिन्यांत त्या कळ्यांत चुना सांठूं लागतो व त्या टणक होऊं लागतात. म्हणजे ज्या बाळाला आपण बोळकें म्हणून हंसतों, त्याच्या हिरड्यांखालीं त्या वेळीं वीसच्या वीस दुधाचे दांत कमी-अधिक तयार होऊन बसलेले असतात. इतकेंच नव्हे, तर जी सहाव्या वर्षीं यावयाची ती कायमची दाढ जन्माच्याच सुमारास टणक होण्यास आरंभ करते. सहा वर्षांनीं जिचें दर्शन व्हावयाचें तिचा पाया बारशाच्या वेळींच पडलेला असतो.

दांताचें पांढरें कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, तें शरीरांतील सर्वांत कठीण द्रव्य होय. हाडाहून कठीण. परंतु त्याचें एक दुर्दैव आहे. तें रचणाऱ्या पेशी दांत बाहेर येतांच नाहींशा होतात. मोडलेलें हाड सांधतें, कापलेली कातडी भरून येते; इनॅमल एकदां खड्डा पडेतों झिजलें कीं शरीर तें पुन्हां घडवीत नाहीं. तें थरावर थर देऊन रचलें जातें, आणि जन्माच्या वेळीं त्या कामांत जो खंड पडतो त्याची एक सूक्ष्म रेघ दुधाच्या दांतांत राहून जाते. भिंगाखालीं ती दिसते. आईच्या पोटांत बनलेला भाग एकीकडे, जगांत आल्यावर बनलेला दुसरीकडे. प्रत्येकाची जन्मतिथि अशी त्याच्या तोंडांत आंखलेली असते, ही कल्पना आम्हांला फार आवडते. कारण आमची दुसरी जन्मतिथि खोटी आहे. तिच्याकडे आम्ही पुढें येऊं.

सहाव्या ते दहाव्या महिन्याच्या दरम्यान खालचे मधले दोन दांत दिसूं लागतात, मग वरचे मधले, मग त्यांच्या शेजारचे. वर्ष-सव्वा वर्षानंतर पहिल्या दाढा येतात, त्यानंतर सुळे. सुळ्याची जागा दाढेच्या पुढें असूनहि तो तिच्यामागून येतो, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. अडीच-तीन वर्षांत वीस दांत पुरे होतात. महिना-दोन महिने मागेंपुढें झाले म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. वरचे दांत आधीं आले तर मामाला वाईट, असें आमच्याकडे म्हणत. आमच्या एका मामांना आमच्या धाकट्या भावाच्या वरच्या दांतांमुळें पुष्कळ दिवस काळजी लागून राहिली होती, आणि ते नव्वदाव्या वर्षीं वारले.

हा समज निरुपद्रवी. दुसरा एक समज मात्र जीव घेणारा आहे. दांत येतांना मुलाला जुलाब व्हावयाचेच, ते थांबवूं नयेत, असें घरोघर म्हटलें जाई, आणि अजूनहि कानावर येतें. पूर्वी विलायतेंतहि बालमृत्यूंच्या नोंदींत 'दांत येणें' हें मृत्यूचें कारण म्हणून लिहीत. दांत येतांना हिरडी शिवशिवते, लाळ गळते, मूल किरकिर करतें. परंतु जुलाब दांतांनीं होत नाहींत. त्याच वयांत मूल रांगूं लागतें, जें हातास लागेल तें तोंडांत घालतें, आणि आईकडून आलेली रोगप्रतिकाराची शिदोरीहि त्याच सुमारास सरत आलेली असते. मुलाच्या अंगांतील पाणी जात असतां "दांत येताहेत" म्हणून स्वस्थ बसणें हें भयंकर आहे. जलसंजीवनीची पुडी व वैद्यकीय सल्ला, हेंच तेथें औषध.

संस्कृतांत दांताला 'द्विज' म्हणतात, दोनदां जन्मणारा. काश्यपसंहिता या बालवैद्यकाच्या प्राचीन ग्रंथांत दांतांच्या जन्मावर एक स्वतंत्र अध्याय आहे. नेपाळांत मिळालेल्या हस्तलिखितावरून हा ग्रंथ मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें १९३८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत म्हटलें आहे कीं ३२ दांतांपैकीं ८ एकदांच येणारे, आणि बाकीचे द्विज. आजचा हिशेब थोडा वेगळा आहे: २० दांत दोनदां येतात, आणि १२ एकदांच, म्हणजे सहाव्या वर्षाच्या चार दाढा, बाराव्या वर्षाच्या चार व अक्कलदाढा चार. संख्या चुकली असेल. परंतु कांहीं दांत एकदांच येतात, हें मर्म त्या वैद्याला त्या काळीं समजलें होतें आणि आमच्या आजोबांना समजलें नव्हतें. त्याच अध्यायांत आणखी एक गमतीचा नियम आहे. जन्मानंतर जितक्या महिन्यांनीं दांत येतो, तितक्याच वर्षांनीं तो पडून पुन्हां येतो. खालच्या मधल्या दांतांपुरता हा नियम बराच जुळतो. सहाव्या-सातव्या महिन्यांत आलेला दांत सहाव्या-सातव्या वर्षींच हलूं लागतो. दाढांना तो लावूं गेल्यास मात्र फसगत होईल.

दुधाचा दांत पडतो तो वरून ढकलल्यामुळें नव्हे. खालचा कायमचा दांत वर सरकूं लागला कीं त्याच्या वाटेंतील जुन्या दांताचें मूळ विशिष्ट पेशी हळूहळू विरघळवून टाकतात. शेवटीं मूळ उरतच नाहीं, नुसती टोपी हिरडीला चिकटून राहते, आणि एके दिवशीं पेरू खातांना ती हातांत येते. पडलेल्या दांताला मूळ नसतें तें याचमुळें. आमच्या दाढेला दोन जाड मुळें होतीं. त्या फडक्यावर बसलेल्या मनुष्याला किंवा आजोबांना तेवढ्याच गोष्टीचा विचार सुचता तर! पण तोंवर ती हातांत आलेली होती, आणि परत बसविण्याची विद्या त्या झाडाखालीं नव्हती.

ओघानें सांगून टाकतों, कारण या शाळेच्या मैदानावर खोखो चालतो. पुढचा कायमचा दांत मार लागून सबंध निखळला तर तो मुळाकडून न धरतां पांढऱ्या भागानें धरावा, घांसूं-पुसूं नये, शक्य तर लगेच जागेवर बसवावा, नाहीं तर दुधांत टाकून अर्ध्या तासाच्या आंत दंतवैद्याकडे न्यावा. पुष्कळदां तो परत रुजतो. दुधाचा निखळलेला मात्र परत बसवूं नये. खालच्या कळीला अपाय होतो.

पडलेला दांत कोणी उंदराच्या बिळांत टाकतात, कोणी आमच्यासारखा धाब्यावर फेकतात. उंदराची निवड करणारा पूर्वज मोठा निरीक्षक असला पाहिजे. उंदराचे पुढचे दांत जन्मभर वाढत राहतात. कुरतडून झिजविले नाहींत तर त्याला तोंड मिटतां येणार नाहीं. आपल्या मुलालाहि असेच दांत मिळोत, अशी ती प्रार्थना.

आतां जन्मतिथीविषयीं. शाळेच्या दाखल्यावर आमचा जन्म १ जून रोजीं झालेला आहे. आमच्या पिढींत १ जूनला जन्मलेले इतके लोक आहेत कीं परक्याला त्याचें आश्चर्य वाटावें. घरीं कोणी तारीख टिपून ठेवीत नसे. मूल शाळेंत आणलें कीं गुरुजी त्याला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरावयास सांगत. आमचा हात कानाला जेमतेम लागला. गुरुजींनीं मग "आ कर" म्हटलें, खालचे दोन दांत पडलेले पाहिले, आणि सहा वर्षें पूर्ण अशी नोंद केली. कानापेक्षां दांतांची साक्ष अधिक भरंवशाची, हें आम्हांला पुढें कळलें.

आणि ही साक्ष केवळ शाळाप्रवेशापुरती नव्हती. इंग्लंडांत गिरण्यांत राबणाऱ्या मुलांचें वय आईबाप वाढवून सांगत, म्हणून एडविन सॉन्डर्स या दंतवैद्यानें १८३७ सालीं दांतांवरून वय ओळखण्याविषयीं एक पुस्तिका लिहून पार्लमेंटापुढें ठेविली. आपल्या देशांत कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ सालीं झाला. त्यानें ७ वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास बंदी केली. १८९१ सालीं ही मर्यादा ९ वर्षांवर आणि १९२२ सालीं १२ वर्षांवर गेली. जन्माचा दाखला बहुतेकांजवळ नसे, तेव्हां वय ठरविणाऱ्या डॉक्टरास मुलाची उंची व दांत पाहूनच निर्णय करावा लागे. वर्षांत चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने १८८१ च्या कायद्यांत येत नसत. हंगामापुरत्या चालणाऱ्या कपाशीच्या जिनांना त्यांतून सुटतां येई. खानदेशांत कपाशी किती पिके हें सांगावयास नको. बाराव्या वर्षीं येणारी जी दाढ आमच्या खिंडारांत वांकडी झाली, तीच एखाद्या पोराच्या तोंडांत असणें वा नसणें यावर त्याचा दिवस गिरणींत जाईल कीं नाहीं हें ठरत असे. बैलाच्या बाजारांतला अंगठा येथेंहि होताच.

याहूनहि जुनी साक्ष घोड नदीच्या कांठीं इनामगांवास सांपडली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथें उत्खनन केलें. सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या त्या शेतकऱ्यांच्या वस्तींत मुलें वारलीं कीं त्यांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखालीं पुरीत. तीं मुलें किती वर्षांचीं, किती महिन्यांचीं, हें जबड्यांतील दांत कोठवर आले होते यावरून कळलें. सुभाष वाळिंबे व अमेरिकन संशोधक जॉन लुकाक्स यांनीं त्या दांतांचा अभ्यास केला. कांहींच्या दुधाच्या सुळ्यांवर बारीक खळगे होते, तान्हेपणींच्या हालअपेष्टांची खूण. त्या आईबापांनीं मुलाला घराबाहेर नेलें नाहीं, पायाखालींच ठेविलें, हें वाचतांना आमचें मन पुढें जाईना. आपल्या जिल्ह्यांत गिरणेच्या कांठीं बहाळ येथेंहि अशी प्राचीन वस्ती सांपडलेली आहे.

सहा ते बारा या वयांत मुलाच्या तोंडांत दोन्ही प्रकारचे दांत एकत्र नांदतात, आणि हा काळ रूपाच्या दृष्टीनें वाईट असतो. लहान चेहऱ्यांत मोठे दांत, मधें फट, दोन्ही बाजूंस फांकलेले. याच अंकांत पांचवीच्या वर्गाचें छायाचित्र असेल तर पाहावें. निम्मीं मुलें ओठ मिटून उभीं असतील. त्यांना आम्ही एवढेंच सांगूं कीं वरचे सुळे अजून हिरडींतच असून ते शेजारच्या दांतांच्या मुळांना दाबीत आहेत, म्हणून ही फांक पडते. अकराव्या-बाराव्या वर्षीं सुळे खालीं उतरले कीं ती बहुधा आपोआप मिटते. खुशाल हंसावें.

गेल्या पावसाळ्यांत आमची सहा वर्षांची नात जेवतांना मागें कांहीं दुखतें म्हणूं लागली. आम्हीं तिला खिडकीशीं नेऊन, हात धुवून, तोंड उघडावयास सांगितलें. शेवटच्या दुधाच्या दाढेमागें हिरडींतून एक पांढरें टोंक डोकावत होतें.

"कायमची दाढ आली," आम्ही म्हणालों.

सूनबाई ओट्याजवळून म्हणाली, "कायमची कशी असेल, आबा? तिचा अजून एकहि दांत पडला नाहीं. दुधाचीच असेल."

घरांत ते शब्द साठ वर्षांनीं पुन्हां उच्चारले गेले होते. आम्हीं सूनबाईला जवळ बोलाविलें, दांत मोजून दाखविले. एका बाजूस पांच दुधाचे, आणि ही सहावी. मग आमचें स्वतःचें तोंड उघडून तें खिंडार दाखविलें. लग्न होऊन आल्यापासून तिनें तें पाहिलें नव्हतें. ती कांहीं बोलली नाहीं. परंतु दुसऱ्याच दिवशीं भुसावळास जाण्याचें ठरलें. दाढा पुऱ्या वर आल्यावर पुन्हां आणा, असें दंतवैद्यांनीं सांगितलें, आणि दिवाळीनंतर त्यांनीं चारही दाढांच्या खांचा एका पातळ लेपानें बुजवून दिल्या. सुई टोंचावी लागली नाहीं. रोज रात्रीं मागच्या दाढा घांसल्या कीं नाहीं हें पाहण्याचें काम आमच्याकडे आलें आहे, आणि नात त्यांत पुष्कळ लबाडी करते.

संक्रांतीला तिळाची वडी खातांना तिचा खालचा पहिला दांत पडला. धाबें आतां राहिलें नाहीं, स्लॅब आहे. आम्ही दोघांनीं अंगणांत उभें राहून तो वर फेकला. दुसऱ्या दिवशीं ती जिन्यानें वर जाऊन पाहून आली. "आबा, तो तिथेंच पडला आहे," तिनें तक्रार केली. मग आम्हांला विचारलें, "तुमची दाढ तुम्हीं नीट वर फेकली होती ना?"

फेकली होती, असें आम्हीं सांगितलें.